बोली लावण्याआधी सातबारा पाहा

सेलूहून (जि. परभणी) एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

"मी घरातच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, सप्त्याचे फ्लेक्स, वास्तुशांतीची आमंत्रणं. संगणक घेतला तेव्हा दुकानदारानं त्यात कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, त्याचे पैसे कधी दिले नाहीत. आता एका शाळेचं वर्षभराचं काम मिळतंय. मुख्याध्यापकांनी विचारलं, 'तुमचं सॉफ्टवेअर अस्सल आहे ना?' मी गप्प बसले. नवीन घेण्याची ऐपत नाही, कसेबसे दहा हजार बाजूला काढलेत. पुतण्यानं ऑनलाइन लिलावात तीन वस्तू दाखवल्या. अमेरिकेतल्या विक्रेत्याकडचा जुन्या कोरलड्रॉचा डबा, बोली साडेतीन हजारांवर आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची 'लाइफटाइम की', म्हणजे ते सुरू करायचा कायमचा कोड, चारशे रुपये. आणि लातूरच्या एका बंद पडलेल्या प्रेसचं श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर, डोंगलसकट. यातलं काय घेऊ? घरात सगळे म्हणतात, फसशील."

ताई, त्या प्रश्नावर तुम्ही गप्प बसलात आणि घरी येऊन हे पत्र लिहिलंत, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे बरेच डीटीपीवाले हा प्रश्न कानाआड करतात. तुम्ही तो मनाला लावून घेतलात. तेव्हा तुमच्या दहा हजारांतला एक रुपयाही वाया जाऊ नये, एवढंच डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सॉफ्टवेअर विकत घेतो म्हणजे आपण डबा घेत नाही, सीडीही घेत नाही. आपण वापरण्याचा परवाना घेतो. हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागू नये, कारण जमिनीच्या व्यवहारात आपण हेच करतो. शेत डोळ्यांनी पाहिलं, विहिरीला पाणी आहे, बांध सरळ आहेत, म्हणून कुणी इसार देत नाही. आधी सातबारा काढतो. नाव कुणाचं आहे, बोजा आहे का आणि मुख्य म्हणजे भोगवटादार वर्ग एक आहे की दोन. वर्ग दोनची जमीन असेल तर मालक कितीही भला असू दे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती परस्पर विकता येत नाही. मराठवाड्यात इनामी जमिनींपायी किती घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. विकणारा खोटं बोलला म्हणूनच ती फसली असं नाही. विकायचा हक्क त्याला नव्हता आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही, एवढंच पुष्कळ झालं.

सॉफ्टवेअरमध्येही असे वर्ग आहेत. दुकानात सुटा मिळणारा परवाना म्हणजे रिटेल. कंपनीच्या करारात हस्तांतराला मुभा असेल तर तो दुसऱ्याला देता येतो. संगणकाबरोबर आलेला परवाना ओईएम, तो त्या यंत्राला बांधलेला असतो. यंत्र विकलं तर त्याच्याबरोबर जातो, सुटा काढून विकता येत नाही. कंपन्या, कॉलेजं घेतात तो व्हॉल्युम परवाना, तो एकेका माणसाला फोडून विकण्यासाठी नसतोच. विद्यार्थ्यांसाठीची अकॅडमिक आवृत्ती धंद्यात वापरायची नसते. 'नॉट फॉर रीसेल' छापलेली प्रत विक्रीसाठी नसते, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. आणि अपग्रेड, म्हणजे आधीची आवृत्ती जवळ असेल तरच चालणारी प्रत. या अपग्रेडनं मला स्वतःला चांगलाच चटका दिलाय.

२००७ ची गोष्ट. मी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका छोट्या प्रेसमध्ये होतो. एका लिलाव साइटवर डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा डबा दिसला. प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं. वेष्टन शाबूत म्हणजे माल शाबूत, असं धरून मी बोली लावली आणि जिंकलो. डबा आला, सीडी घातली, सिरीयल नंबर टाकला. पडद्यावर चौकट आली : आता आधीच्या आवृत्तीचा सिरीयल नंबर द्या. डब्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारकोडच्या वर, बारीक अक्षरांत 'अपग्रेड' छापलेलं होतं. लिलावातल्या फोटोत नेमका तो कोपरा नव्हता. विक्रेत्याला तीन ईमेल केल्या, उत्तर आलं नाही. तो डबा मी बरीच वर्षं टेबलावर ठेवला होता. शिकाऊ मुलांना तो खालचा कोपरा दाखवायला उपयोगी पडायचा.

म्हणून फोटो मागताना समोरच्या बाजूचा मागू नका, तो सगळेच टाकतात. डब्याच्या सहाही बाजू, सीडीची दोन्ही अंगं आणि मूळ खरेदीचं बिल मागा. सिरीयल नंबरचे शेवटचे काही आकडे बोटानं झाकायला सांगा. पूर्ण नंबर फोटोत उघडा टाकलेला असेल तर ती वस्तू सोडून द्या. तो नंबर तुमच्या आधी दहा जणांनी उतरवून घेतलेला असणार. सीडीची खालची बाजूही नीट पाहा. कारखान्यात छापलेली चकती चंदेरी दिसते, घरच्या संगणकावर लिहिलेली बहुधा जांभळट किंवा हिरवट झाक मारते. मायक्रोसॉफ्टच्या अस्सल रिटेल चकत्यांवरची होलोग्रामची नक्षी चकतीतच असते, वरून चिकटवलेली नसते. नखानं कड उचलली जात असेल तर ती नक्कल.

आता तुमच्या तीन वस्तूंकडे येतो.

चारशेची ऑफिस की घेऊ नका. यावर फार विचारसुद्धा करू नका. एवढ्या स्वस्तात मिळणाऱ्या कीचे उगम मला ठाऊक आहेत ते असे : कुठल्या तरी कंपनीची व्हॉल्युम की फोडून विकलेली, चोरीच्या कार्डावर घेतलेली किंवा एकच की पन्नास जणांना दिलेली. आज चालते. कंपनीच्या लक्षात आलं की बंद होते आणि तोवर विक्रेत्याचं खातं गेलेलं असतं. याहून वाईट प्रकार म्हणजे 'आम्ही ईमेल आणि पासवर्ड देतो, त्यानंच लॉगिन करा'. ते खातं कुठल्या तरी कॉलेजच्या नावावर काढलेलं असतं. त्याची किल्ली भलत्याच माणसाकडे असते आणि तुमच्या फाइली त्याच्या कपाटात जाऊन बसतात. शाळेच्या प्रश्नपत्रिका तुम्ही परीक्षेआधी तयार करणार ना? मग अशा कपाटात त्या एक दिवससुद्धा राहता कामा नयेत. शिवाय ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. यातली एखादी कुणी 'लाइफटाइम' म्हणून गळ्यात मारत असेल, तर ती कुणाच्या लाइफची, हे त्यालाच विचारा.

प्रश्नपत्रिकांसाठी ऑफिस लागतच नाही. लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, धंद्यात वापरायला मोकळं आहे आणि गणिताची सूत्रं त्यात नीट बसतात. मराठीसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बाळू' हे युनिकोड फॉन्ट घ्या. खुल्या परवान्याचे आहेत, छापील कामालाही चालतात. शाळेला पुढे फाइल बदलायची असेल तर युनिकोडमधली फाइल कुठल्याही संगणकावर उघडते. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला हे उत्तर तुम्ही उद्याही देऊ शकता, लिलावाची वाट पाहायला नको.

अमेरिकेतला डबा. ईबे या लिलावाच्या कंपनीची भारतातली साइट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. त्यामुळे पुतण्यानं दाखवलं ते परदेशातलं लिलावघर आहे आणि अडचण आली तर भांडण तिकडच्या नियमांनी होणार. विक्रेता तुम्हाला कदाचित म्हणेल, 'जुनं सॉफ्टवेअर विकणं कायदेशीर आहे, कोर्टानं सांगितलंय.' अर्धं खरं आहे. युरोपीय न्यायालयानं ३ जुलै २०१२ ला यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात सांगितलं की कायमचा परवाना पैसे देऊन घेतला असेल तर तो पुढे विकता येतो. पण विकणाऱ्यानं स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि अनेक जणांसाठी घेतलेला गठ्ठा फोडून विकता येणार नाही. अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथला व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क हा खटला उभा राहिला तोच ईबेवर विकलेल्या ऑटोकॅडच्या जुन्या प्रतींवरून. सप्टेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं की परवाना घेणारा प्रतीचा मालक होत नाही, करारात मनाई असेल तर पुढची विक्री चालत नाही. तुमचा विक्रेता अमेरिकेत आहे. म्हणून त्या आवृत्तीच्या करारातलं हस्तांतराचं कलम वाचल्याशिवाय एक रुपयाची बोली लावू नका. करार कंपनीच्या साइटवर मिळाला नाही तर कंपनीला सिरीयल नंबरचे पहिले आकडे कळवून सरळ विचारा : हा परवाना माझ्या नावावर होईल का? उत्तर लेखी घ्या. मुख्याध्यापकांना दाखवायला तोच कागद कामी येईल, डबा नाही.

कंपनी हो म्हणाली तरी दोन अडचणी उरतात. अनेक जुन्या आवृत्त्या सुरू करताना इंटरनेटवरून सक्रिय कराव्या लागतात. आधीच्या मालकानं आपल्या संगणकावरून ती निष्क्रिय न करता हार्डडिस्क फॉरमॅट केली असेल, तर कंपनीच्या वहीत परवाना अजून त्याच्याच यंत्रावर चालू दिसतो. आणि डबा फारच जुना, नव्वदच्या दशकातला असेल तर त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असू शकतो. तुमच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो मुळीच उघडणार नाही. वर टपालखर्च, कस्टम. साडेतीन हजारांचा डबा सेलूत पोचेपर्यंत किती हजारांचा होतो, ते बोलीआधी कागदावर मांडा.

एवढं सगळं जुळून आलंच आणि बोली लावायची ठरली, तर जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहा आणि तोच एकदा टाका. साइट तुमच्या वतीनं थोडी थोडी बोली वाढवत जाते. आकडा ओलांडला की पुतण्या कितीही म्हणो, 'काकू, अजून दोनशेच', फोन खाली ठेवा. त्याच सॉफ्टवेअरचे आधी झालेले सौदे किती रुपयांना गेले तेही साइटवर दिसतं. मागितलेली किंमत बघू नका, मिळालेली बघा. विक्रेत्याच्या शेकड्यातल्या गुणांपेक्षा त्यानं आजवर काय विकलं ते पाहा. वर्षभर मोबाइलची कव्हरं विकून अचानक महागडी सॉफ्टवेअरं काढली असतील तर सावध व्हा. 'माझी एकच प्रत आहे' म्हणणाऱ्याच्या यादीत तीच प्रत तिसऱ्यांदा दिसली तरी तेच. कॅलिफोर्नियात संध्याकाळी सहाला संपणारा लिलाव आपल्याकडे ऋतूनुसार दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला किंवा साडेसातला संपतो. चहाच्या वेळी घाईत बोली लावू नका.

आणि लिलाव हरलात, मग दोन दिवसांनी ईमेल आली की 'जिंकणाऱ्यानं माघार घेतली, तुम्हाला देतो, पैसे थेट या खात्यावर टाका', तर उत्तर देऊ नका. ही जुनी युक्ती आहे. खरा दुसरा प्रस्ताव साइटवरच्या तुमच्या खात्यातही दिसतो. साइटबाहेर, व्हॉट्सअॅपवर, यूपीआयवर व्यवहार गेला की साइटचं संरक्षण संपलं. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. 'परतावा पाठवतो, पिन टाका' असं कुणी म्हणालं की समजून जा. दुर्दैवानं पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लाजून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. घरचे बोलतील म्हणून बायका हा फोन उशिरा करतात, हे मी पाहिलंय. आणि तोवर पैसे तिसऱ्या खात्यात पोचलेले असतात.

राहिलं लातूरचं श्रीलिपी. तिन्हींत माझा कल याच्याकडे आहे. लग्नपत्रिकेची नक्षीदार अक्षरं मुक्तात मिळणार नाहीत, ती गरज तुमची खरी आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर, कंपनी आपलीच, फोन मराठीत उचलला जाईल. डोंगल म्हणजे संगणकाच्या मागे लावायचं ते कुलूप. परवाना त्यातच असतो, सीडी नुसती सोबतीला. तेव्हा डोंगलचा फोटो मागवा आणि तोंड बघा. पंचवीस पिनांचं, जुन्या प्रिंटरच्या जोडणीसारखं रुंद तोंड असेल तर ते पॅरलल पोर्टचं आहे. तुमच्या संगणकाला तो पोर्ट नसणार आणि प्रिंटरसाठी मिळणारा यूएसबी कन्व्हर्टर डोंगलला सहसा चालत नाही. चपटं यूएसबीचं तोंड असेल तर पुढचं बोला. डोंगलवरचा नंबर कंपनीला कळवून विचारा : हे कुणाच्या नावावर आहे, माझ्या नावावर करून मिळेल का, खर्च काय, माझ्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का?

उत्तरं समाधानाची आली तर कुरिअरच्या भरवशावर राहू नका, लातूरला जा. एक दिवस मोडेल, पण बैल घेताना आपण दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो, तसं हे आहे. तुमचा लॅपटॉप असेल तर तो न्या, नसेल तर ओळखीतल्या कुणाचा तरी न्या. डोंगल लावा, सॉफ्टवेअर उघडा आणि स्वतः टाइप करा : 'दुसऱ्या', 'कृपाभिलाषी', 'श्रीक्षेत्र', 'वाङ्मय'. अर्धा र नीट बसतो का, ङ येतो का ते पाहा. मग डोंगल काढून पाहा. सॉफ्टवेअर तक्रार करतं का? डोंगल लावून आणि काढून सारखंच चालत असेल तर ती फोडलेली प्रत आहे, तुम्ही जिथून निघालात तिथंच परत येता. सगळं जुळलं तर प्रेसच्या मालकांकडून साध्या कागदावर लिहून घ्या : डोंगलचा नंबर, मूळ बिलाची प्रत, 'माझ्याकडची सर्व प्रत काढून टाकली आहे, परवाना यांना दिला आहे', सही, तारीख. मग पैसे. प्रेस बंद पडलेला माणूस आहे, भाव करताना फार ताणू नका.

एक आडवळणाचा पर्याय सांगतो, कारण कधी ना कधी तुमचा संगणक बदलावा लागेलच. जुनं यंत्र घ्याल तेव्हा विंडोज त्याच्यासोबतच घ्या. ओईएम परवाना यंत्राबरोबर येतो, हा जुन्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात सरळ व्यवहार आहे. दुकानात बसूनच तपासा : कमांड प्रॉम्प्ट उघडून slmgr /dli असं इंग्रजीत, मधे एक जागा सोडून, टाइप करा. चौकटीत ओईएम किंवा रिटेल दिसलं तर ठीक. 'व्हॉल्युम' आणि 'केएमएस' दिसलं तर ते सक्रियण १८० दिवसांत नव्यानं करावं लागणारं आहे, ते यंत्र त्या दुकानदाराकडेच राहू दे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे, तेव्हा ते यंत्र विंडोज ११ घेतं का, हेही विचारा.

आता तुमच्याकडचं ते दुकानदारानं टाकलेलं कोरलड्रॉ. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड सांगतं. नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकतं, पण तुमचा तर धंदा आहे. घाबरवायला सांगत नाही. तुम्हाला वर्षभराचं काम हवंय आणि ते निर्धास्त मनानं व्हावं म्हणून सांगतोय. इंकस्केप हे डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर आजच उतरवून घ्या. ते कोरलड्रॉच्या सीडीआर फाइली उघडतं, लिबरऑफिसही उघडतं, अगदी पेजमेकरच्या जुन्या फाइलीसुद्धा. मांडणी थोडी हलेल. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य खुणांसारखा दिसेल. म्हणून ज्या पत्रिका पुन्हा लागणार आहेत तेवढ्याच निवडा, सगळ्या नको. फ्लेक्सवाला सीडीआरच मागतो, हे मला माहीत आहे. त्याला अक्षरांची वळणं करून पीडीएफ द्या. इंकस्केपमध्ये अक्षरं निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं की त्याच्याकडे फॉन्ट असो नसो, छपाई तशीच येते. पहिल्यांदा तो कुरकुरेल. एक छोटा फ्लेक्स काढून दाखवा.

दोनचार जुन्या पत्रिका इंकस्केपमध्ये उघडून पाहिल्या की कशा दिसल्या ते कळवा. डोंगलच्या तोंडाचा फोटो लातूरहून आला तर तोही पाठवा, पैसे देण्याआधी.